उन्हाळ्याची सुट्टी आणि प्रकृतीचें गणित

नाशिकहून मुंबई-आग्रा मार्गानें पुढें निघालें म्हणजे वीस किलोमीटरांच्या सुमारास ओझर हें गांव लागतें. ह्या गांवाला मोजमाप हा विषय नवा नाहीं. १९६४ सालीं येथें विमानांचा सरकारी कारखाना निघाला, आणि मिग जातीच्या विमानांपासून सुखोईपर्यंत अनेक लढाऊ विमानें येथून आकाशांत चढलीं. विमानाच्या अंगावरील एखादें छिद्र केसभर मोठें झालें तरी तें चालावयाचें नाहीं, ही शिस्त तेथील कारागिरांच्या अंगवळणीं पडलेली असते. दुसरें मोजमाप शेतकऱ्यांचें. वाघाड धरणाच्या कालव्याचें पाणी मोजून घ्यावयाचें व मोजलेल्या पाण्याचेच पैसे भरावयाचे, असा पायंडा विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ओझरच्या पाणीवापर संस्थांनीं पाडला, आणि त्यांचें उदाहरण पुढें दूरवर सांगितलें जाऊं लागलें.

ह्या दोहोंपेक्षां अवघड असें तिसरें एक मोजमाप आहे, तें माणसाच्या प्रकृतीचें. एकाच साच्यांतून निघालेले दोन खिळे सारखे असतात. पण एकाच आईचीं दोन मुलें सारखीं नसतात. एकच औषध एकाला मानवतें, दुसऱ्याला मानवत नाहीं. एकाच पाणवठ्याचें पाणी पिऊन एक घर आजारी पडतें आणि शेजारचें घर धडधाकट राहतें. ह्या विविधतेंतून विश्वासार्ह निष्कर्ष कसा काढावा, आणि त्या निष्कर्षावर कितपत भरंवसा ठेवावा, हें सांगणारें जें शास्त्र त्यास जीवसांख्यिकी असें म्हणतात. नवें औषध गुणकारी आहे कीं नाहीं, लस किती जणांस वांचविते, अमुक आहारानें तमुक रोग खरोखर वाढतो काय, ह्या सर्व प्रश्नांचा अंतिम निवाडा ह्याच शास्त्राच्या दारीं होतो.

असें असूनहि पदवीच्या अभ्यासक्रमांत ह्या विषयाच्या वांट्यास थोडींच पानें येतात, आणि तीं पाठ करून विद्यार्थी परीक्षेंतून पार पडतो. पोहण्याचें पुस्तक वाचून पोहतां येत नाहीं, तद्वत् मोजणीचीं सूत्रें पाठ करून मोजतां येत नाहीं. म्हणूनच उन्हाळ्याच्या सुट्टींत विद्यार्थ्यानें एखाद्या जाणत्या मार्गदर्शकाच्या हाताखालीं प्रत्यक्ष संशोधन करून पाहावें, अशा योजना निरनिराळ्या देशांत निघाल्या. अमेरिकेंत राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या द्रव्यसाहाय्यानें २००४ पासून कांहीं विद्यापीठांनीं पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीं जीवसांख्यिकीचे उन्हाळी वर्ग चालविले. गणितांत गति असलेल्या तरुणांस आरोग्याच्या प्रश्नांकडे वळवावें, हा त्यांचा हेतु. भारतांत ही वाट दोन बाजूंनीं येते. विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांसाठीं बेंगळुरू, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींनीं मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधनवृत्ति ठेविली. वैद्यक व दंतवैद्यक शिकणारांसाठीं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें १९७९ सालींच अल्पकालीन विद्यार्थिवृत्तीची योजना सुरू केली. तिचा क्रम साधा आहे. विद्यार्थ्यानें आपल्या महाविद्यालयांतील एका अध्यापकाच्या मार्गदर्शनाखालीं संशोधनाचा प्रस्ताव लिहावयाचा, संस्थेच्या नीतिसमितीची संमति घ्यावयाची, दोन महिने काम करावयाचें आणि अहवाल धाडावयाचा. अहवाल मान्य झाला म्हणजे वृत्तीची रक्कम व प्रमाणपत्र मिळावयाचें.

नाशिक जिल्ह्याला ह्या गोष्टीचें अगत्य विशेष आहे. १९९८ सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच आहे, आणि राज्यांतील वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी व परिचर्या शिकविणारीं महाविद्यालयें त्याला जोडलेलीं आहेत. तथापि सुज्ञ पालकांच्या मनांत एक रास्त शंका उभी राहते. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची टांगती तलवार डोक्यावर असतां मुलानें अथवा मुलीनें ऐन सुट्टींतले दोन महिने आकडे गोळा करण्यांत घालवावे काय? दोन महिन्यांत कोणताहि मोठा शोध लागत नाहीं, हें उघड आहे. मग ह्या उद्योगाचें फळ काय? त्याचें उत्तर मिळण्यास हे दोन महिने कसे जातात हें जवळून पाहिलें पाहिजे.

समजा, ओझरच्या एका वैद्यकीय विद्यार्थिनीनें असा प्रश्न घेतला कीं, गांवांतील किशोरवयीन मुलींत रक्तक्षयाचें प्रमाण किती आहे. बारा वर्षांवरील मुलीच्या शंभर मिलिलिटर रक्तांत १२ ग्रॅमांहून कमी हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय समजावा, हें जागतिक आरोग्य संघटनेचें माप तिला ठाऊक आहे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दवाखान्यांत बसणें. तेथें आलेल्या शंभर मुलींपैकीं सत्तर जणींस रक्तक्षय आढळला, तर ओझरच्या सत्तर टक्के मुली रक्तक्षयी आहेत असें लिहून ती मोकळी होईल. ह्या अपूर्णांकांतील अंश खरा आहे; खोटा आहे तो छेद. दवाखान्यांत येते ती थकलेली, चक्कर येणारी मुलगी. धडधाकट मुलगी तेथें कशाला येईल? बरें, शाळेंत जाऊन मोजावें, तर शाळा सोडून कामाला लागलेल्या मुली सुटतात, आणि कदाचित् त्यांच्याच अंगांत रक्त सर्वांत कमी असावयाचें. ‘किती जणींस रोग आहे’ हा प्रश्न कोणीहि विचारतो. ‘कितींपैकीं’ हा प्रश्न विचारावयास शिकणें हाच ह्या विद्येचा श्रीगणेशा होय.

हा छेद ठरविणें ओझरसारख्या गांवांत मुळींच सोपें नाहीं. कारखान्याची वसाहत निराळी, जुनें गांवठाण निराळें, मळ्यांतील वस्त्या निराळ्या. त्यांतून हा द्राक्षांचा मुलूख. एप्रिलांत खरडछाटणी, ऑक्टोबरांत फळछाटणी आणि पुढें हिंवाळा सरतां सरतां काढणी, अशा हंगामांस पेठ-सुरगाण्याकडील आदिवासी मजूर कुटुंबें बागांवर उतरतात आणि काम सरलें म्हणजे परत जातात. त्यांचीं नांवें गांवच्या कोणत्याच यादींत सहसा नसतात. उन्हाळ्यांत मोजणी केली तर त्यांतील कांहीं सांपडतील, पावसाळ्यांत केली तर आणखी निराळें चित्र दिसेल. त्यांना धरावयाचें कीं वगळावयाचें, हें विद्यार्थिनीनें पहिल्या आठवड्यांतच ठरवून लिहून ठेविलें पाहिजे. कारण उत्तर पाहून मग छेद ठरविणें म्हणजे निकाल पाहून मग परीक्षा घेण्यासारखें आहे.

छेद ठरला कीं दुसरा प्रश्न: सगळ्याच मुलींचें रक्त तपासणें शक्य नाहीं, तर किती जणींचें तपासावें? शितावरून भाताची परीक्षा करावी, ही म्हण प्रत्येक गृहिणीस माहीत आहे. पण ती परीक्षा खरी ठरण्यास भात सारखा शिजलेला असावा लागतो. तळचा करपला आणि वरचा कच्चा राहिला, तर वरचें एक शीत चेपून काय समजणार? म्हणून सर्व थरांतून, कोणाचीहि मर्जी न चालतां, चिठ्ठी टाकल्याप्रमाणें निवड करावी लागते. ओळखीचीं घरें, रस्त्यालगतचीं घरें, चहा विचारणारीं घरें अशी निवड केली कीं नमुना बिघडला. अशा निःपक्षपाती निवडीनें नमुना घेतला म्हणजे त्यांतील चूक किती असावी ह्याचा हिशेब करतां येतो. अंदाजें निम्म्या मुलींना रक्तक्षय असेल असें धरलें, आणि शंभरांतील ९५ वेळां आपलें उत्तर खऱ्या प्रमाणाच्या ५ टक्के अलीकडे-पलीकडे असावें अशी अपेक्षा ठेविली, तर सुमारें ३८४ मुली तपासाव्या लागतात. १० टक्क्यांची चूक चालेल म्हटलें तर ९६ पुरतात. अडीच टक्क्यांहून अधिक चूक नको म्हटलें तर १,५३७ लागतात. अचूकता दुप्पट हवी असेल तर श्रम चौपट, असा हा रोकडा व्यवहार आहे. शिवाय एकाच वस्तींतल्या मुलींचें खाणेंपिणें पुष्कळसें सारखें असल्यानें वस्त्यावस्त्यांतून गट उचलले तर ही संख्या आणखी वाढते. दिवसाला दहा घरें होतात, हातीं साठ दिवस आहेत, त्यांतले कांहीं परवानगींत व कांहीं लिखाणांत जाणार. तेव्हां प्रश्न केवढा घ्यावा हें विद्यार्थिनीला सूत्र आणि पंचांग दोन्ही समोर ठेवून ठरवावें लागतें.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. नमुना मोठा घेतला कीं सर्व दोष धुऊन निघतात, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खोटी आहे हें ज्यांनीं शेतांतल्या कापणीवरून दाखवून दिलें ते एक मराठी गणिती होते. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांचा जन्म १९११ सालीं सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं झाला. फर्ग्युसन महाविद्यालयांतून ते लंडनला गेले, तेथें नेमन व पिअर्सन ह्यांच्या सहवासांत त्यांनीं सांख्यिकीचें अध्ययन केलें, आणि परत आल्यावर भारतीय कृषि संशोधन परिषदेंत पिकांच्या अंदाजाचें काम हातीं घेतलें. शेतांत एक लहानसा तुकडा आंखावयाचा, तेवढाच कापून तोलावयाचा आणि त्यावरून साऱ्या पिकाचा अंदाज करावयाचा, ही तेव्हांची चालू रीत. सुखात्म्यांना आढळलें कीं तुकडा जितका लहान तितका उताऱ्याचा अंदाज फुगतो. कारण साधें होतें. सीमेवर उभें असलेलें ताट आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न आला कीं कापणाऱ्याचा हात तें आंत ओढतो. आणि लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानानें सीमा फार. असे हजार तुकडे कापले तरी चूक कमी होत नाहीं. उलट चुकीच्या उत्तरावरचा विश्वास मात्र वाढतो. १९४६ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. पुढें १९५१ पासून रोम येथें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत राहून त्यांनीं जगांतील भुकेचें मोजमाप करण्यांत हयात घालविली. रक्त तपासणाऱ्या विद्यार्थिनीचें यंत्रहि असेंच एका बाजूस झुकलेलें असूं शकतें, म्हणून रोज सकाळीं तें ताडून पाहण्याचा कंटाळा करून चालत नाहीं.

मोजणीनंतर येते ती तुलना. एखादा उपाय केला आणि रोग कमी झाला, एवढ्यावरून उपायाला श्रेय देतां येत नाहीं. कदाचित् रोग आपोआपच उतरणीस लागला असेल. म्हणून उपाय न केलेलें, पण इतर बाबतींत सारखें असें दुसरें ठिकाण शेजारीं ठेवावें लागतें. ह्याचें उत्तम उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांत नवजात अर्भकांच्या मृत्यूंचा प्रश्न हातीं घेतला. १९९३ पासून ३९ गांवें एका बाजूस व ४७ गांवें दुसऱ्या बाजूस धरून प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यु नोंदविला गेला. नंतर १९९५ पासून त्या ३९ गांवांत, शिकवून तयार केलेल्या गांवांतल्याच स्त्रिया घरोघर जाऊन बाळांचें वजन, ऊब, श्वास व जंतुदोष ह्यांकडे पाहूं लागल्या. आरंभीं दोन्हीकडे हजार जन्मांमागें साठांच्या आसपास अर्भकें पहिल्या महिन्यांत दगावत होतीं. तिसऱ्या वर्षीं इतर गांवांत हा आंकडा ५९.६ राहिला, ३९ गांवांत तो २५.५ वर आला. १९९९ सालीं लंडनच्या लॅन्सेट ह्या मान्यवर वैद्यकीय नियतकालिकांत ही हकीकत छापून आली, आणि २०११ पासून भारत सरकारनें आशा कार्यकर्त्यांमार्फत घरच्या घरीं नवजात बालकांची काळजी घेण्याची योजना देशभर नेली. त्या ४७ गांवांची नोंद ठेविली नसती तर हें सारें केवळ एका सद्हेतूची गोष्ट म्हणून राहिलें असतें. तुलनेच्या आंकड्यांनीं तिचा पुरावा झाला.

साध्या नोंदींचें मोल काय असतें हें कळण्यास आणखी मागें जावें लागेल. १९०५ च्या डिसेंबरपासून १९०६ च्या जुलैपर्यंत मुंबईंत प्लेगनें दर आठवड्यास किती माणसें दगावलीं, ह्याचे आंकडे लिहून ठेविलेले होते. एकवीस वर्षांनीं, १९२७ सालीं, केरमॅक आणि मॅकेंड्रिक ह्या दोघां स्कॉटिश संशोधकांनीं सांथीचें एक गणित मांडलें. केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ, व प्रयोगशाळेंतील अपघातानें त्यांची दृष्टि गेलेली. मॅकेंड्रिक हे भारतांत वैद्यकीय सेवेंत राहिलेले डॉक्टर. रोग होण्याजोगे, रोग झालेले, आणि बरे होऊन वा दगावून फेऱ्यांतून सुटलेले, असे समाजाचे तीन भाग कल्पून, सांथ कशी चढते व सर्व माणसें सांपडण्यापूर्वींच कां ओसरते, हें त्यांनीं दाखविलें. आपलें गणित वस्तुस्थितीशीं ताडून पाहण्यासाठीं त्यांनीं घेतले ते मुंबईचे हेच आंकडे. प्लेग उंदीर व पिसवा ह्यांच्या द्वारें पसरत असल्यानें माणसांपुरतें केलेलें तें गणित त्या रोगाला तंतोतंत लागू पडण्याजोगें नव्हतें. तरी त्याच पायावर पुढें उभारलेलीं गणितें २०२० सालीं कोरोनाच्या सांथींत जगभर वापरलीं गेलीं. नोंद करणाऱ्या हातांना ह्यांतलें कांहीं ठाऊक असणें शक्य नव्हतें. त्यांनीं फक्त मोजणें चुकविलें नाहीं.

आतां पुन्हा त्या दोन महिन्यांकडे वळावें. ह्या कामांत विद्यार्थ्यांची एक चूक ठरलेली असते: आधीं माहिती गोळा करावयाची, आणि अहवालाची मुदत जवळ आली म्हणजे संख्याशास्त्रज्ञाकडे धांव घ्यावयाची. १९३८ सालीं कलकत्त्यास भरलेल्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेचे अध्यक्ष रोनाल्ड फिशर ह्यांनीं ह्याच संवयीवर बोट ठेविलें होतें. प्रयोग संपल्यावर बोलाविलेला संख्याशास्त्रज्ञ फार तर प्रेताची तपासणी करील आणि प्रयोग कशानें मेला तें सांगेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. प्रश्न, छेद, नमुना व तुलना हीं चार पावलें मोजणीपूर्वींचीं आहेत. गणकयंत्र अगदीं शेवटीं येतें, आणि त्याचें काम कांहीं मिनिटांचें असतें.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. मनासारखें उत्तर मिळेना म्हणून विद्यार्थी तीच माहिती निरनिराळ्या अंगांनीं तपासूं लागतो: वयाप्रमाणें, जेवणाप्रमाणें, वस्तीप्रमाणें, जन्ममहिन्याप्रमाणें. केवळ योगायोगानें फरक दिसण्याची शक्यता प्रत्येक वेळीं विसांत एक एवढी धरली, तर वीस स्वतंत्र तुलना करणाऱ्यास, वस्तुतः कोठेंच फरक नसतांना, निदान एक खोटा फरक सांपडण्याची शक्यता शंभरांत चौसष्ट होते. नेमका तेवढाच फरक अहवालांत छापला आणि उरलेल्या एकोणीस तुलना लपविल्या, तर खोटें न बोलतांहि असत्य सांगितलें जातें. ‘फरक आढळला नाहीं’ असें वाक्य लिहिण्यास धैर्य लागतें, आणि तें धैर्य विसाव्या वर्षीं अंगीं आलें तर जन्मभर उपयोगीं पडतें.

ह्या सर्वांवर एक माणुसकीचें बंधनहि आहे. रक्ताचा थेंब देणाऱ्या मुलीची व तिच्या पालकांची संमति आधीं घ्यावी लागते. तिचें नांव कागदांतून वेगळें ठेवावें लागतें. आणि तिचें रक्त कमी आढळलें तर तिला उपचाराच्या दारापर्यंत पोंचविणें हें कर्तव्य ठरतें. अहवालांत ती ३८४ पैकीं एक असेल. घरीं ती एकुलती एक असूं शकते. नीतिसमितीचा कागद ह्याचसाठीं असतो. तो नुसता सहीचा सोपस्कार झाला, अहवाल दुसऱ्याच्या अहवालावरून उतरविला, आणि प्रमाणपत्रावर दृष्टि ठेवून दोन महिने ढकलले, तर सुट्टी खरोखरच वायां गेली असें पालकांनीं खुशाल म्हणावें.

परंतु ज्यानें हें काम मनापासून केलें, तो पुढें कोठेंहि गेला तरी त्याच्या हातून होणारा वैद्यकव्यवसाय निराळा होतो. औषधाच्या जाहिरातींत ‘धोका निम्म्यानें कमी’ असें छापलेलें असतें, तेव्हां तो विचारतो, कितींवरून किती? हजारांत दोघांना होणारा रोग हजारांत एकाला होऊं लागला, तरी धोका निम्माच झाला; आणि हजारांत दोनशेंचा शंभरांवर आला, तरीहि निम्माच. पहिल्या प्रसंगीं हजार माणसांनीं औषध घेतल्यावर एक वांचतो, दुसऱ्या प्रसंगीं शंभर. औषधाचा खर्च व त्याचा त्रास मात्र दोन्ही वेळीं हजारांनाच होतो. हा फरक ज्या डॉक्टराला कळतो त्याच्या रोग्यांचा पैसा व प्रकृति दोन्ही वांचतात. सुट्टींतल्या दोन महिन्यांचें हें फळ प्रमाणपत्रावर लिहिलेलें नसतें.

आणि ह्या विद्येचा एवढा अंश प्रत्येक सुशिक्षित घरालाहि घेण्याजोगा आहे. अमुक खाल्ल्यानें तमुक रोग दुप्पट होतो, असें वर्तमानपत्रांत वाचलें म्हणजे तीन प्रश्न विचारावे: कितींपैकीं मोजले, कसे निवडले, आणि कोणाशीं तुलना केली? ओझरच्या शेतकऱ्यानें कालव्याचें पाणी मोजल्याशिवाय त्याचे पैसे भरावयाचे नाहींत असें ठरविलें. प्रकृतीविषयींच्या बातमीवर विश्वास खर्चण्यापूर्वीं तेवढीच चौकशी करण्यास कोणाचीच हरकत नसावी.